काठी कोणाच्या हातांत होती ?

(तिवसा येथील सभेंत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपलें तिवसा हमरस्त्यावरचें गांव. कास्तकाराला कांहीं मागावयाचें झालें म्हणजे तो दुसरीकडे कोठें जाणार ? कपाशीचा भाव पडला कीं रस्ता, विहिरीवरची वीज गेली कीं रस्ता. 2025 च्या जून महिन्यांत शेजारीं मोझरीला कर्जमाफीसाठीं उपोषण झालें, तेंहि याच रस्त्याकांठीं. रयत रस्त्यावर आली म्हणजे पोलीसहि येतात, आणि दोघे समोरासमोर आले म्हणजे काय होतें तें तुम्हांला मी सांगावयास नको. मला बोलावयाचें आहे तें त्यानंतरच्या गोष्टीबद्दल.

दुसऱ्या दिवशीं पत्रांत छापून येतें, “लाठीमार झाला.” “गोळीबार झाला.” झाला ! जसा पाऊस झाला, गारपीट झाली, तसाच हाहि झाला. सुतारानें वखराचें रुमणें कच्चें दिलें तर “रुमणें मोडलें” म्हणून आपण घरीं बसत नाहीं. नांव घेऊन त्याच्या दारांत जातों. कुंभाराचें मडकें गळलें तर तें त्याच्याच हातांत परत देतों. मग माणसाचें डोकें तेवढें आपोआप कसें फुटतें ?

गोवारी बांधवांची गोष्ट या सभेंतल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गांवाचीं ढोरें राखणारी ही जात. आम्हांला आदिवासींच्या सवलती द्या, एवढेंच त्यांचें मागणें. 23 नोव्हेंबर 1994 रोजीं नागपुरास विधानभवनावर त्यांचा मोर्चा गेला. बायका होत्या, कडेवर पोरें होतीं. मोर्चा अडविला, लाठ्या चालल्या, लोक जीव घेऊन पळाले आणि एकमेकांच्या पायांखालीं 114 जीव गेले. आदिवासी खात्याचे मंत्री मधुकर पिचड यांनीं राजीनामा दिला, हें त्यांच्या नांवें लिहून ठेवलें पाहिजे. न्यायमूर्ति दाणींचा चौकशी आयोग बसला. आयोगानें सरकारला दोषमुक्त केलें. म्हणजे 114 माणसें मेलीं आणि मारणारा कोणीच नाहीं ! आज नागपुरांत गोवारी शहीदांचें स्मारक आहे, पुलाला त्यांचें नांव आहे. मेलेल्यांना नांव मिळालें, लाठी उगारा म्हणणाऱ्याला नाहीं मिळालें.

आतां उलट बाजू पहा. वर्धा नदीपलीकडे आष्टी आहे. 16 ऑगस्ट 1942 रोजीं तेथें ठाण्यावर लोक गेले. गोळ्या सुटल्या, गांवचीं माणसें पडलीं, आणि जमावाच्या हातून पोलीसहि मेले. त्याच दिवशीं चिमूरलाहि तसेंच. तेव्हां इंग्रज सरकारनें “दंगल झाली” म्हणून कागद मिटला काय ? नाहीं. एकेक नांव शोधून काढलें, खटले भरले, फांशीच्या शिक्षा ठोठावल्या. लोकांनीं देशभर आवाज उठविला तेव्हां त्या टळल्या. जमावाला नांवें असतात, हें सरकारला तेव्हां बरोबर कळलें. पलटणीलाहि नांवें असतात, हें मात्र कळावयास फार वेळ लागतो.

लागतो, पण कळतें. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरांत 11 जुलै 1997 रोजीं सकाळीं बाबासाहेबांच्या पुतळ्याला खेटरांची माळ घातलेली दिसली. लोक खवळून रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांच्या तुकडीनें गोळ्या झाडल्या. 10 माणसें मेलीं. लोक गॅसचे टँकर पेटविणार होते, असा बचाव झाला. न्यायमूर्ति गुंडेवार आयोगानें तो मानला नाहीं. गोळीबार अकारण होता असें म्हणून उपनिरीक्षक मनोहर कदम याच्यावर दोष ठेविला. 2009 सालीं, म्हणजे 12 वर्षांनीं, सत्र न्यायालयानें सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला जन्मठेप दिली. पुढें उच्च न्यायालयांतून तो जामिनावर सुटला. तरी एक गोष्ट झाली : “पोलिसांनीं” या शब्दांतून एक माणूस वेगळा काढून न्यायालयानें त्याला उभा केला.

कायदा काय म्हणतो ? 2024 च्या जुलैपासून नवी संहिता आली, पण हें कलम जुनेंच आहे. बेकायदा जमाव असेल तर दंडाधिकाऱ्यानें किंवा ठाण्याच्या अंमलदारानें आधीं पांगण्याचा हुकूम द्यावा. न पांगले तर बळ वापरावें. सद्भावनेनें वागणाऱ्याला आणि हुकूम पाळणाऱ्या शिपायाला कायद्यानें पांघरूणहि दिलें आहे, आणि सरकारच्या परवानगीवांचून त्याच्यावर खटला चालत नाहीं. पण हुकूम पांगविण्याचा असतो. खालीं पडलेल्या बाईच्या डोक्यांत काठी घाला, असा हुकूम कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. ती काठी ज्यानें घातली त्याची ती स्वतःची.

येथें कोणी म्हणेल, “दादा, शिपाई तरी कोण ? आपलाच पोरगा.” खरें आहे. माझ्याच बहिणीचा मुलगा पोलिसांत आहे. दोन एकर कोरडवाहूवर पोट भरलें असतें तर तो भरतीच्या रांगेंत पहांटे धांवला नसता. त्याचीं लेकरें त्या पगारावर जगतात. मी त्याला “नोकरी फेंक” असें सांगणार नाहीं. पेशावरला 23 एप्रिल 1930 रोजीं गढवाली पलटणीच्या चंद्रसिंगांनीं निःशस्त्र पठाणांवर गोळी घालण्यास नकार दिला, त्याबद्दल त्यांना जन्मठेप झाली. असा माणूस हजारांत एक. पण गोळी नाकारणें आणि पळत्याच्या पाठीवर हौसेनें चार काठ्या जास्त हाणणें, यांच्या मध्यें पुष्कळ जागा आहे. तेवढ्या जागेंत माझा भाचा काय करतो, हें मी त्याला दिवाळीला विचारणार, आणि त्याच्या आईनेंहि विचारावें.

हेंच माप आपल्यालाहि लावा. मोर्चांतून ज्यानें दगड भिरकावला तो “जमावानें भिरकावला” म्हणून लपूं पाहील. लपूं देऊं नका. त्याच्या एका दगडानें पुढच्या रांगेंतल्या म्हातारीचा हात मोडतो.

पुढच्या वेळीं रस्त्यावर बसाल तेव्हां दोन लिहितीं-वाचतीं पोरें बाजूला उभीं करा. पांगण्याचा हुकूम किती वाजतां दिला, कोणीं दिला, लोकांना ऐकूं गेला कीं नाहीं, पहिली काठी कधीं पडली, छातीवरच्या पट्टीवर नांव कोणतें होतें, तें लिहून घ्या. अटक करणाऱ्यानें आपलें नांव स्पष्ट दिसेल असें लावावें, ही संहितेचीच आज्ञा आहे. पट्टी झांकलेली असेल तर तेंहि लिहा. जखमी माणसाला आधीं सरकारी दवाखान्यांत दाखवून कागद करून घ्या, मग घरीं न्या. त्या कागदाची एक नक्कल जिल्हाधिकाऱ्याकडे जाऊं द्या, आणि एक गांवांत ठेवा.