शाळेच्या फाटकापुढील रस्ता
(शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



पट, हजेरी, गळती, वाचनाची गती हे आपले नित्याचे विषय. आज मी जो विषय काढणार आहे तो वरवर पाहता आपल्या खात्याचा नव्हे. रस्ता बांधकाम खात्याचा, वाहने पोलिसांच्या देखरेखीतली, कडेची दुकाने ग्रामपंचायतीच्या हद्दीतली. परंतु सायंकाळी घंटा होते आणि फाटकातून रस्त्यावर पडतात ती मुले मात्र आपली असतात.

आपल्या दोन्ही तालुक्यांची रचनाच अशी आहे की रस्ता चुकविणे कोणासही शक्य नाही. शिरूर तालुका नगर रस्त्याने छेदला आहे. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव आणि खुद्द घोडनदी ही सारी गावे त्या एका रस्त्याच्या काठी वाढली. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर महामार्गावर यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ. या दोहोंना जोडणारा न्हावरे-चौफुला मार्ग आहेच. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींची अवजड वाहने बाराही महिने असतात, आणि गळिताचा हंगाम सुरू झाला की त्यांत उसाच्या गाड्यांची भर पडते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, उसाची टोके दोहो अंगांनी बाहेर, मागे दिवा क्वचितच. नगर रस्त्यावर पुण्यापासून शिरूरपर्यंत उन्नत मार्ग बांधण्याची योजना आहे. तो झाला तरी मुले खालूनच रस्ता ओलांडणार आहेत, हे ध्यानात ठेवावे.

वेगाविषयी सर्वजण बोलतात. उभ्या वाहनाविषयी कोणी बोलत नाही. माझ्या मते खेड्यातील शाळेपुढचा अर्धा धोका उभ्या वाहनाचा आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी फाटकाच्या दोन्ही अंगांस टेम्पो व जीपगाड्या लागतात. पहिलीच्या मुलाची उंची साडेतीन-पावणेचार फूट. ते मूल दोन गाड्यांच्या फटीतून डोके काढते, तेव्हा त्याला येणारी गाडी दिसत नाही व गाडीवाल्याला ते मूल दिसत नाही. दिसते तेव्हा दोघांत अंतर उरलेले नसते. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच ती फाटक ओलांडून गेलेली असते. शाळेच्या व रुग्णालयाच्या प्रवेशद्वारापाशी वाहन उभे करण्यास 1989 सालच्या रस्त्याच्या नियमांतच मनाई होती. नियम आहे, फाटकापुढे तो सांगणारी पाटी नाही, आणि मागणाराही कोणी नाही.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका रस्त्याकाठच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. पालकांनी तक्रार केली व मीच अर्ज लिहून दिला. अक्षर वळणदार होते. मजकूर असा : भरधाव वाहनांमुळे मुलांच्या जीवितास धोका आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. रस्ता कोणाचा, धोका नेमका कोठे, कोणत्या वेळी, आणि कार्यवाही म्हणजे काय, यांतील एकही गोष्ट त्यात नव्हती. तो अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा चौदा महिने फिरला. शेवटी उत्तर आले की सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. ते उत्तर खोटे नव्हते. दरम्यान चौथीतील एका मुलीस उभ्या टेम्पोआडून आलेल्या फटफटीने उडविले होते. ती वाचली, अजूनही उजवा पाय ओढत चालते. मी तिला गावात भेटतो तेव्हा ती मला वाकून नमस्कार करते, आणि मला माझे ते वळणदार अक्षर आठवते.

तेव्हा प्रथम रस्त्याचा धनी शोधावा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, काळा असेल तर जिल्हा मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण मार्ग. रंग उडालेला असेल तर शाखा अभियंत्यास विचारावे. सामान्यतः राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग आपल्याच जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, शिरूर व दौंड शहरांतील अंतर्गत रस्ते त्या त्या नगरपरिषदेकडे. पुणे-सोलापूर महामार्गासाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. गाड्या हटविणे पोलिसांचे काम. गाड्या लावण्यास जागा नेमून देण्याची तरतूद 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 117 मध्ये आहे, व ती जागा स्थानिक संस्थेच्या विचाराने ठरते. ग्रामपंचायतीने बाजाराच्या गाड्यांसाठी दुसरी जागा सुचविली नाही, तर पोलीस आज हटवतील त्या गाड्या पुढच्या बाजारी परत येतील.

दोन धनी असले की काम किती अवघड होते हे दौंडकरांना मी काय सांगावे! रेल्वेमार्गाखालून जाणाऱ्या कुरकुंभ मोरीच्या अरुंदपणाविषयी त्या शहरातील नागरिकांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली. वर रूळ रेल्वेचे, खाली वाट शहराची. दोघांचे एकमत झाल्यावाचून एक दगड हलत नाही. त्यात दौंड स्थानकच 2024 साली सोलापूर विभागातून पुणे विभागात आले. म्हणजे पत्त्यावरील नावही दरवर्षी तपासून घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट मोजणीची, आणि ती आपल्या हातातली आहे. सहावी-सातवीच्या वर्गाला हा गणिताचा उत्तम पाठ आहे. शाळा भरताना अर्धा तास व सुटताना अर्धा तास, सलग पाच दिवस, त्यांतला एक बाजाराचा, अशी वाहने मोजावीत. मुलांनी आवाराच्या आत बसूनच मोजावे. रस्त्यावर एकही मूल जाता कामा नये. शिक्षकांनी वाहने नसतील अशा वेळी कडेला शंभर मीटर अंतर आखून दोन खुणा कराव्यात. गाडी हे अंतर सहा सेकंदांत कापीत असेल तर वेग ताशी साठ, नऊ सेकंदांत कापीत असेल तर चाळीस. फाटकाच्या दोन्ही अंगांस वीस-वीस पावलांत किती गाड्या उभ्या होत्या, हेही लिहावे. हा कागद अर्जास जोडला की वाचणाऱ्या अधिकाऱ्यास उत्तर देताना विचार करावा लागतो.

अर्ज मात्र शिक्षकाने स्वतःच्या नावे करू नये. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात. अर्ज त्यांचा असावा. तो 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठेवून ठराव करून घ्यावा. महिनाभर उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराखाली त्या ठरावाचे काय झाले ते विचारावे. तीस दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे.

आणि मागणी नेमकी असावी. आपल्याकडे अपघात झाला की गावकरी रातोरात मुरूम टाकून उंचवटा करतात. हेतू चांगला, परंतु अंधारात त्यावरून दुचाकीस्वार पडतात. प्रमाणित गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच व सुमारे पावणेचार मीटर रुंद असतो. पुढे सूचनाफलक व वर पांढरे पट्टे असतात. राष्ट्रीय महामार्गावर तो मागूच नये. तेथे शाळेची पाटी, आडवे जाड पट्टे, ओलांडण्याची आखलेली जागा व कठडा मागावा.

हे सारे आपल्यापुरतेच आहे असे नाही. हॉलंडसारख्या चिमुकल्या देशात 1971 साली रस्त्यावर चारशेहून अधिक मुले मेली. तेव्हा आईबाप उठले. ॲमस्टरडॅमच्या एका दाट वस्तीतील शाळकरी मुलांनी 1972 साली स्वतः सह्या गोळा केल्या व आपला रस्ता मोटारींना बंद करून दाखविला. मुलांना रस्त्यात उतरविण्याचा तो भाग मी आपणांस सुचविणार नाही. तथापि आपल्या देशात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली व त्यांत 32,825 पायी चालणारी होती, हा आकडा सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहिण्यास हरकत नाही.

कोणी म्हणेल, गुरुजींवर आधीच कामे कमी आहेत का? नाहीत. माहिती भरता भरता आपली दमछाक होते हे मी पाहतो, व त्यात भर घालताना मला संकोच वाटतो. म्हणून यासाठी कोणताही नमुना, कोणताही तक्ता मी पाठविणार नाही. पुढील भेटीत मी फाटकापाशी शाळा सुटेपर्यंत उभा राहीन. ज्या शाळांनी मोजणी केली असेल त्यांनी अर्जाची एक प्रत माझ्या हाती द्यावी. ती मी फाइलीत लावणार नाही. ज्याच्या दारी जायची त्याच्याकडे स्वतः घेऊन जाईन.