वाळवंटातील संसार



एकट्या मुलीने परदेशी जावे, तेही नावाला विद्येसाठी आणि खरे म्हणजे जिवाला स्वस्थता मिळावी म्हणून, हे ऐकताच आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. माझ्याही पडली होती. ज्या चिनी लेखिकेमुळे ती थोडी सैल झाली, तिच्याविषयी आज बोलावे म्हणतो.

सानमाओ हे तिचे टोपणनाव. अर्थ 'तीन केस'. चित्रकथेतल्या एका अनाथ पोराचे हे नाव तिने लेखनासाठी घेतले. १९४३ साली ती चुंगकिंगला जन्मली, वाढली तैवानात. शाळेत गणितात एकाएकी पूर्ण गुण मिळाले, तेव्हा शिक्षकांनी चोरीचा आळ घेतला, डोळ्यांभोवती शाईची वर्तुळे काढली आणि वर्गासमोर उभे केले. मुलीने शाळा टाकली व कित्येक वर्षे स्वतःला घरात कोंडून घेतले. पुढे तिने तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला त्याचे मूळ मला त्या शाईत दिसते.

१९६७ साली ती माद्रिदला गेली. तिथे होसे नावाचा, तिच्याहून सुमारे आठ वर्षांनी लहान शाळकरी मुलगा तिला म्हणाला, सहा वर्षे थांब, मग लग्न करू. तिने अर्थातच त्याला वाटेला लावले. जर्मनी झाली, अमेरिका झाली. तैवानात एका जर्मन शिक्षकाशी लग्न ठरले, तर तो लग्नाआधीच हृदयविकाराने गेला. ती पुन्हा माद्रिदला आली. तोवर सहा वर्षे होत आली होती आणि मुलगा थांबलेला होता.

याच सुमारास एका मासिकात सहारा वाळवंटाची चित्रे पाहून तिला पूर्वजन्मीच्या घराची आठवण यावी तशी ओढ लागली. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात गाणे ऐकून दुष्यंताला लागते ती हुरहुर आपल्या परिचयाची आहे. पण त्या हुरहुरीपायी सामान बांधणारी माणसे थोडी. होसेने वाद घातला नाही. तो आधीच जाऊन तिथल्या फॉस्फेटच्या कंपनीत नोकरीला लागला, आणि लग्नाची भेट म्हणून उंटाची कवटी घेऊन आला. भेट तिला फार आवडली!

त्यांचे घर एल आयून गावाबाहेर, स्मशानाजवळ. छताला मधोमध भोक; त्यातून शेजाऱ्यांची बकरी खाली पडे. दुकानदाराकडून मागून आणलेल्या खोक्यांच्या लाकडाचे सामान केले, मग कळले की खोकी शवपेट्यांची होती. उकिरड्यावरचा मोटारीचा टायर धुऊन त्यात लाल गादी घातली. पाहुण्यांची त्यावर बसण्यासाठी चढाओढ लागे. हे सारे तिने लिहिले आणि १९७६ साली 'सहाराच्या कथा' पुस्तकरूपाने निघाल्या. थोडे तिखटमीठ तिने लावले असेल. कोण लावीत नाही?

पण हे वाळवंट रिकामे नव्हते. तो सहरावी लोकांचा मुलूख, आणि अंमल स्पेनचा. तिच्या एका कथेत मुका गुलाम आहे, हातचा उत्तम गवंडी. सानमाओ आपल्या मर्जीने तीन खंड हिंडली. याला शेजारच्या गल्लीतही मर्जीने जाता येत नव्हते. एके दिवशी त्याला विकतात. तिच्या हातून एवढेच होते, की थोडे पैसे आणि एक रंगीत चादर ती त्याच्या हाती देते. तो घराकडे धावतो, पैसे बायकोला देतो, चादर तिच्यावर आणि पोरांवर पांघरतो आणि परत येऊन गाडीत बसतो. प्रेम आणि अध्यात्म शोधायला निघालेल्या या बाईला दोन्ही एकत्र दिसले ते इथे, असे मला वाटते; आणि ते तिचे नव्हते.

१९७५ साली मोरोक्कोचे लोक सरहद्द ओलांडून आले. नवराबायकोंना कॅनरी बेटांवर जावे लागले. १९७९ साली ला पाल्मा बेटाजवळ समुद्रात बुडी मारलेला होसे जिवंत वर आला नाही. १९९१च्या जानेवारीत तैपेईच्या रुग्णालयात, अठ्ठेचाळीस पूर्ण होण्याआधीच, ती गेली. शेवट तिने स्वतः केला, अशी नोंद आहे. त्यावरून तिच्या साऱ्या शोधाला फसवा म्हणणारे भेटतात. मला तसे म्हणवत नाही.

त्याआधी दोन वर्षे, १९८९ साली, ती आजोबांच्या गावी गेली होती, चीनच्या किनाऱ्यावरील चौशान बेटांत. हे गाव तिने पूर्वी कधी पाहिलेच नव्हते. आजोबांच्या विहिरीचे पाणी ती प्यायली. थोडे बाटलीत भरून घेतले, मूठभर मातीही घेतली आणि तैवानला परतली.