एका पेनीची कादंबरी

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात नवी कादंबरी विकत घ्यायची तर साडेएकतीस शिलिंग मोजावे लागत. कादंबरी तीन खंडांत निघे आणि ही ठरून गेलेली किंमत कित्येक दशके हलली नाही. ज्या मजुराला वर्षाकाठी वीसेक पौंड मिळत, त्याची महिन्याची सगळी कमाई त्या एका पुस्तकात संपली असती. खाऊनपिऊन बरे असणारे लोकसुद्धा पुस्तक विकत न घेता म्यूडीच्या ग्रंथालयाची वर्षाची एक गिनी वर्गणी भरत आणि एका वेळी एक खंड घरी नेत. डिकन्सने १८३६ साली ‘पिक्विक पेपर्स’ महिन्याला एक शिलिंग अशा भागांत आणले, तेव्हा कादंबरी मध्यमवर्गाच्या हाती आली. पण गिरणीतल्या, गोदीतल्या, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या माणसांना तो एक शिलिंगही जड होता.

या माणसांच्या हाती वर्तमानपत्र तरी पडावे? तेही नाही, आणि यात सरकारचा हात होता. १८१५ पासून वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवर चार पेनी मुद्रांक लागे. १८१९ मध्ये कायदा आणखी आवळला आणि बातमी किंवा राजकारणावरचे मत छापणारी स्वस्त पत्रेही त्या कक्षेत ओढली. कागदावर कर वेगळा, जाहिरातीवर वेगळा. विरोधक यांना ज्ञानावरचे कर म्हणत आणि ते नाव अगदी योग्य होते. हेन्री हेदरिंग्टनने १८३१ साली मुद्रांक न लावता ‘पुअर मॅन्स गार्डियन’ हे पत्र एका पेनीला विकायला काढले. तो स्वतः तुरुंगात गेला आणि अशी पत्रे रस्त्यावर विकणारी शेकडो माणसेही गेली. १८३६ मध्ये मुद्रांक एका पेनीवर आला, म्हणून काही पेनीचे वर्तमानपत्र निघू शकत नव्हते. सगळी किंमत करातच गेली असती.

गोष्टीवर मात्र मुद्रांक नव्हता. कायद्याला भीती होती ती बातमीची. राजवाडा, खून, पळवून नेलेली मुलगी यांच्या कथा कितीही छापा, कोणी अडवत नव्हते. वाफेवर चालणारी छपाईयंत्रे आली होती, कागदही यंत्रावर तयार होऊ लागला होता, आणि जुळवलेल्या मजकुराचा साचा ओतून ठेवला की मागचे अंक हवे तेव्हा पुन्हा छापता येत. यातून आठ पानी साप्ताहिक अंक निघू लागले: बारीक टाइपाचे दोन स्तंभ, वर लाकडी ठशाचे एक चित्र आणि किंमत एक पेनी.

जॉर्ज विल्यम मॅकआर्थर रेनॉल्ड्स या लेखकाने ही फट नेमकी हेरली. त्याचा जन्म १८१४ चा, केंट परगण्यातला. तरुणपणी तो फ्रान्समध्ये राहिला आणि राजेशाहीविरुद्धची मते तिथून घेऊन परतला. पॅरिसमध्ये यूजेन स्यूच्या रहस्यकथा वर्तमानपत्रातून गाजत होत्या. तोच धागा उचलून रेनॉल्ड्सने १८४४ मध्ये ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ सुरू केली. दोन भाऊ, एक सरळ, एक वाकड्या वाटेचा. थडगी उकरून प्रेते विकणारा एक भयंकर माणूस. दरबारातली लफडी, गुत्ते, गुप्त भुयारे. दर आठवड्याला हजारो प्रती खपत.

आता हे सगळे सवंग आहे असे कोणी म्हणेल. पुष्कळसे आहेच. पण त्या सवंग मजकुराच्या पोटात काय दडवले आहे ते पाहा. एका ठिकाणी रेनॉल्ड्स कथानक थांबवून चक्क एक तक्ता मांडतो. देशातल्या कोणत्या माणसाला वर्षाला काय मिळते याचा तो हिशेब. वर राजपद, पाच लाख पौंड. अगदी तळाशी कष्टकरी, वीस पौंड. खाणीतल्या मुलांविषयी संसदेच्या आयोगाने १८४२ साली अहवाल दिला होता. सरकारी अहवाल मजूर कुठून वाचणार? रेनॉल्ड्सने कोळशाच्या खाणीत वाढलेल्या एका बाईच्या तोंडी तिची आयुष्यकथा घातली आणि अहवालातले वास्तव पेनीच्या अंकातून लोकांपर्यंत पोहोचवले. जे बातमी म्हणून सांगायला कर पडत होता, ते त्याने गोष्ट म्हणून सांगितले. माझ्या मते इंग्रजी कादंबरीच्या इतिहासातली ही एक फार मोठी गोष्ट आहे, आणि तो इतिहास लिहिणाऱ्यांनी ती बराच काळ बाजूला सारली.

हे वाचत कोण होते, याचा एक सुंदर पुरावा पत्रकार हेन्री मेह्यूने ठेवला आहे. लंडनच्या रस्त्यांवर भाजी, फळे, मासळी विकणाऱ्या फेरीवाल्यांशी तो बोलला. त्यांच्यात दहांत एकालाच वाचता येई. संध्याकाळी सगळे एकत्र जमत आणि तो एकजण रेनॉल्ड्सचा अंक मोठ्याने वाचून दाखवी. ऐकणारे मध्येच अडवत, चित्राखाली काय लिहिले आहे ते विचारत, उमरावांना शिव्या घालत. म्हणजे विकल्या गेलेल्या प्रतींवरून त्या अंकाच्या वाचकांचा अंदाज करताच येणार नाही.

रेनॉल्ड्स नुसता लिहीत बसला नाही. ६ मार्च १८४८ रोजी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात प्राप्तिकराविरुद्ध सभा ठरली होती. पोलिसांनी ती बेकायदा ठरवली, बोलावणारे गृहस्थ मागे सरले, आणि अध्यक्षपदी उभा राहिला रेनॉल्ड्स. त्याने फ्रान्समधल्या नव्या प्रजासत्ताकाच्या बाजूने भाषण केले. जमाव त्याच्या घरापर्यंत गेला आणि त्याला सज्जातून पुन्हा बोलावे लागले. तिथून तो सनदवाद्यांचा पुढारीच झाला. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत आणि ते गुप्त पद्धतीने, या त्यांच्या प्रमुख मागण्या. डिकन्सला हा माणूस मुळीच आवडत नसे. गरिबांबद्दल दोघांनाही कळवळा होता, पण डिकन्सला श्रीमंतांचे मन वळवायचे होते. रेनॉल्ड्सचा त्या मनावर विश्वासच नव्हता.

त्याची पुस्तके जहाजांतून हिंदुस्थानात आली आणि इंग्रजी शिकलेल्या तरुणांनी ती अधाशासारखी वाचली. मराठी कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ सालची. ती लिहिताना त्यांच्यापुढे रेनॉल्ड्सच होता. पुढे ‘करमणूक’ पत्रातून आठवड्याआठवड्याला ‘पण लक्षात कोण घेतो’ छापताना हरिभाऊ त्याच्या कितीतरी पुढे गेले. रेनॉल्ड्सला त्या कादंबरीच्या नायिकेसारखी, यमूसारखी मुलगी कधी उभी करता आली नसती, हे मान्य केलेच पाहिजे. त्याच्या नायिकांना देखणेपण आहे, संकटे आहेत, पण स्वतःचा आवाज क्वचितच आहे.

तिकडे इंग्लंडात ज्ञानावरचे कर एकेक करून उठले. जाहिरातीवरचा कर १८५३ मध्ये गेला, मुद्रांक १८५५ मध्ये. कागदावरचा कर उमरावांच्या सभागृहाने एकदा वाचवला, तरी १८६१ मध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टनने तोही संपवला. रेनॉल्ड्सने मात्र तोवर वाट पाहिली नव्हती. १८५० मध्येच त्याने स्वतःचे साप्ताहिक वृत्तपत्र काढले होते. गोष्टीच्या आडोशाने जे सांगितले, ते तो त्यात उघडपणे लिहू लागला. १८७९ मध्ये तो वारला. ते पत्र पुढे सहकारी चळवळीने चालवले आणि नाव बदलत, कामगारांची बाजू मांडत ते १९६७ पर्यंत निघत राहिले.