प्राणवायू कोणाच्या वाट्याचा? : स्वागताध्यक्षीय भाषण

 या परिषदेत इचलकरंजी आणि शिरोळ तालुक्यातील प्रतिनिधींचे स्वागत मला विशेषत्वाने करायचे आहे. कोल्हापूरने वापरून पंचगंगेत सोडलेले पाणी त्यांच्याच भागातून पुढे जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. म्हणून यजमान या नात्याने मी शहराच्या वैभवाऐवजी शहराच्या सांडपाण्याविषयी बोलणार आहे.

सांडपाणी नदीला मारते ते मुख्यतः तिचा प्राणवायू खाऊन. घरगुती सांडपाण्यातला सेंद्रिय मळ कुजवताना जिवाणूंना लिटरमागे साधारण २०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. उन्हाळ्यात स्वच्छ नदीच्या लिटरभर पाण्यात तो असतो जेमतेम ७ ते ८ मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर मैलापाणी पंचवीसेक लिटर नदी निकामी करू शकते. शहराच्या कसबा बावड्यातील सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर आहे. ते पूर्ण क्षमतेने चालले, तर नदीवर पडू शकणारी रोजची सुमारे १५ टन प्राणवायूची मागणी बरीचशी टाक्यांमध्येच भागते. तिथेही काम करतात ते जिवाणूच, पण त्यांना लागणारी हवा ब्लोअर पुरवतो, माशांच्या तोंडचा घास जात नाही. पुढे हवा बंद करून गाळ तळाशी बसू देतात आणि वरचे निवळलेले पाणी काढून घेतात.

नदी वाहती असते, तिचे तीच शुद्ध करून घेते, असे अजूनही जबाबदार माणसे म्हणतात. खळाळत्या पाण्याबाबत ते बरेचसे खरे आहे. पण पावसाळा सरला, बंधाऱ्यांत पाणी अडवणारे बरगे पडले, की पंचगंगा खळाळते कुठे? ती एकापाठोपाठ एक अशा संथ डोहांची माळ होते. या बंधाऱ्यांवर आपली शेती उभी आहे, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मात्र नदी अडवायची आणि तिने वाहत्या नदीसारखे शुद्धही व्हायचे, या दोन्ही अपेक्षा एकत्र नांदत नाहीत. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच आणि पात्रभर पसरलेले केंदाळ आपण सर्वांनी पाहिले आहे. दुसरा आक्षेप असा, की खरे प्रदूषण कारखान्यांचे आहे. त्यांचा वाटा मोठा आहे आणि त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा विषाणू कारखान्याच्या रसायनातून येत नाही, तो माणसांच्या मैल्यातून येतो. शिवाय कच्च्या पाण्यात अमोनिया वाढला, की जलशुद्धीकरण केंद्रात टाकलेले क्लोरीन त्याच्याशी झगडण्यातच खर्ची पडते आणि जंतू मारायला पुरेसे उरत नाही. सांडपाणी केंद्राच्या विजेच्या बिलाची तक्रार करणाऱ्यांनी हा दवाखान्याचा खर्चही हिशेबात धरावा. तो खालच्या गावांच्या खिशातून जातो, म्हणून आपल्याला दिसत नाही.

तरीही केवळ केंद्राच्या क्षमतेवर समाधान मानणे मला मान्य नाही. जे सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, त्याला उत्तम यंत्रणाही काही करू शकत नाही. शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचे पाणी अडवून, पंपांनी उपसून बावड्याला न्यावे लागते. वीज गेली, पंप बिघडला किंवा जोराचा पाऊस झाला, की ते अडवणीवरून उसळून थेट नदीत उतरते. नदीचे रक्षण म्हणूनच नाल्याच्या तोंडाशी ठरते, आणि तिथल्या पंपांना पर्यायी वीज देणे हे नव्या टाक्या बांधण्याइतकेच तातडीचे आहे. या परिषदेने आपल्या ठरावात एक मागणी ठामपणे मांडावी, अशी माझी विनंती आहे. नाला नदीत किती तास वाहिला आणि खालच्या पहिल्या बंधाऱ्यात प्राणवायू किती होता, हे दोन आकडे महापालिकेने रोज जाहीर करावेत, आणि ते सर्वांत आधी इचलकरंजी व शिरोळला कळवावेत.