उलटं झालं तरी डबा पडत का नाही?

मोहोळकरांना आकाशपाळणा नवा नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत दर जानेवारीत तो असतोच. रोलर कोस्टर मात्र वेगळंच प्रकरण. खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कमधला ‘नायट्रो’ 2013 साली सुरू झाला. पोलादी, सुमारे 40 मीटर उंच, वेग ताशी शंभराच्या वर. आणि डब्याला तळच नाही, पाय अधांतरी! तो बनवला वॉल्टर बोलिगर आणि क्लोद माबियार या दोन स्विस इंजिनिअरांच्या कंपनीने. ती त्यांनी 1988 मध्ये काढली.

आता मुख्य प्रश्न. चाकं रुळाला तीन बाजूंनी धरतात: वरून, कडेने आणि खालून. खालच्या चाकाचं पेटंट अमेरिकेच्या जॉन मिलरचं, 1919 चं. तो जमाना लाकडी कोस्टरचा. लाकडी कोस्टर खडखडतो, हादरे देतो. शौकिनांना तीच तर मजा वाटते. पोलादी नळीचा रूळ ॲरो कंपनीने 1959 मध्ये डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्नसाठी वापरला. पुढे असल्याच रुळांवर गाड्या गिरक्या घेऊ लागल्या.

माझं मत विचाराल, तर सफाईत स्विस जोडीला तोड नाही. जाणार असाल तर मुलांसाठी उंचीची अट आधी विचारा, आणि खिशातला मोबाइल खालीच ठेवून बसा.