मेंदूचा द्वारपाल

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मघाशी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार चालू असता शेजारच्या एका पालकांनी मला हळूच विचारले, "डॉक्टर, स्मरणशक्तीसाठी मॅग्नेशियमच्या गोळ्या निघाल्या आहेत म्हणतात, मुलाला देऊ का?" माझा विषय तोच असल्याने मी त्यांस थोडा धीर धरावयास सांगितले.

मेंदूतील एका पेशीचा निरोप दुसरीत ज्या सूक्ष्म द्वारांतून शिरतो, त्यांपैकी एका प्रकारच्या द्वारात मॅग्नेशियमचा कण बुचासारखा बसलेला असतो. किरकोळ निरोपाने तो जागचा हालत नाही. निरोप जोराने व पुनःपुन्हा आला म्हणजे मात्र तो बाजूस होतो, कॅल्शियम आत शिरते आणि त्या दोन पेशींचा संबंध दृढ होतो. स्मृतीचे बीज रुजते ते येथे. १९८४ साली पॅरिस येथील व अमेरिकेतील संशोधकांनी या बुचाचे कार्य स्वतंत्रपणे दाखवून दिले. तिन्हीसांजेस परवचा म्हणवून घेणाऱ्या आपल्या आजोबांना या द्वारपालाची वार्ता नव्हती, पण त्यास उठविण्याची युक्ती ते जाणत होते!

२०१० साली मॅग्नेशियमच्या एका विशिष्ट संयुगाने उंदरांची स्मृती सुधारल्याचे प्रसिद्ध झाले आणि त्यावर गोळ्यांचा बाजार उभा राहिला. माणसांवरील प्रयोग अद्याप थोडे व लहान आहेत. धडधाकट मुलाचे गुण गोळीने वाढतील, असे त्यांवरून म्हणवत नाही.

आहाराची गोष्ट निराळी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषास दिवसाला ४४० व स्त्रीस ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असावे असे ठरविले. हरितद्रव्याच्या प्रत्येक कणाच्या मध्यभागी मॅग्नेशियमच असते, म्हणून पालेभाजी. बाजरी, ज्वारी, नाचणी यांच्या १०० ग्रॅमांत ते शंभराहून अधिक मिलिग्रॅम मिळते, तिळांत त्याहून पुष्कळच अधिक. उलट गव्हाचा मैदा होताना कोंड्याबरोबर व अंकुराबरोबर त्याचा बहुतेक भाग निघून जातो. भाकरी सोडून पाव-बिस्किटांवर आलेल्या आपल्या घरांनी हा हिशेब अवश्य मांडून पाहावा.

आता घरचीच एक गोष्ट सांगतो. माझ्या मावशी आम्लपित्तावरची गोळी कित्येक वर्षे नेमाने घेत. पुढे पायांत गोळे येऊ लागले, हात थरथरू लागले, बोलण्यात गोंधळ होऊ लागला. "वयच झाले," असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले. मी डॉक्टर असून मीही! तपासणीत रक्तातील मॅग्नेशियम फारच उतरलेले आढळले. त्या जातीच्या काही औषधांच्या दीर्घ सेवनाने असे घडते, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने २०११ सालीच दिला होता. औषध बदलले, मॅग्नेशियम दिले. थरथर थांबली, बोलणे सुसंगत झाले. वयाचा विसराळूपणा होता तेवढा राहिला.

तेव्हा वडीलधारी मंडळी एकाएकी गोंधळू लागल्यास त्यांच्या साऱ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. मनाने एखादी बंद मात्र करू नका. शरीरातील सुमारे २५ ग्रॅमांपैकी शेकडा एक भागही रक्तात नसतो, म्हणून रक्ताचा आकडा ठीक असला तरी साठा कमी असू शकतो. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत त्यांनी या गोळ्या सल्ल्यावाचून घेऊच नयेत. साचलेले मॅग्नेशियम हृदयास व श्वासास घातक ठरते.

त्या पालकांस माझे उत्तर मिळालेच असेल.