चार व्होल्ट आणि पाव व्होल्ट



व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला की तो संप, बोनस आणि महागाई यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज त्यांतले काही नाही. व्हॉल्व्हचा डॅक नावाचे एक यंत्र आणि घरातला जुना प्रीॲम्प यांच्या आवाजाची पातळी कशी जुळवावी, एवढाच आजचा विषय आहे. तो लहान दिसतो. परंतु साकीनाक्याच्या एका निवृत्त टर्नरच्या ग्रॅच्युइटीचा मोठा लचका या प्रश्नापायी तुटावयाच्या बेतात होता, तेव्हा तो निव्वळ करमणुकीचा आहे असेही म्हणता येत नाही.

पातळी म्हणजे काय ते आपल्या सर्वांच्या अनुभवातून पाहू. गणपतीच्या मांडवात भाषणे संपतात आणि कोणीतरी उत्साही मुलगा मोबाइलची तार मायक्रोफोनच्या भोकात खुपसतो. लगेच कर्णा फाटल्यासारखा ओरडतो. लोक म्हणतात, कर्णा भिकार आहे. गेट मीटिंगलाही आम्ही हे पुष्कळ वेळा पाहिले आहे. वास्तविक कर्ण्याचा काही अपराध नसतो. मायक्रोफोनमधून येणारा विजेचा दाब व्होल्टाच्या काही हजारांश भागाइतका; त्यासाठी ते भोक केलेले. मोबाइल त्यात अर्धा-एक व्होल्ट ओततो, म्हणजे शेकडो पट. चहाच्या गाळणीखाली बंबाचा नळ सोडावा तशातला हा प्रकार.

आता घरातले यंत्र. हल्ली गाणे आकड्यांच्या रूपाने साठवतात. कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदाच्या आवाजाची 44,100 मापे घेतलेली असतात आणि प्रत्येक माप 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेले असते. या आकड्यांचे पुन्हा विजेच्या लाटेत रूपांतर करणारी पेटी म्हणजे डॅक. काही डॅकांत शेवटच्या टप्प्याला व्हॉल्व्ह बसवतात, कारण व्हॉल्व्हच्या आवाजातला ओलावा पुष्कळांना भावतो. तो ओलावा खरा की मनाचा, या वादात आम्ही पडत नाही. डॅकच्या पुढे प्रीॲम्प, त्याच्या पुढे मुख्य ॲम्प्लिफायर आणि शेवटी स्पीकर, अशी ही साखळी आहे.

साखळीतल्या कड्या मात्र निरनिराळ्या काळी घडल्या. ठाण्याला मर्फी रेडिओचा कारखाना चालत होता आणि बंगलोरला भारत इलेक्ट्रॉनिक्सने फिलिप्सच्या सहकार्याने 1961 साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवावयास घेतले, त्या जमान्यातल्या प्रीॲम्पला रेडिओ, टेप किंवा ग्रामोफोनचा क्रिस्टल पिकप जोडावयाचा असे. ही यंत्रे व्होल्टाचा एखादा अंश देत. म्हणून पाव व्होल्ट आला की पूर्ण आवाज निघावा, अशा हिशेबाने प्रीॲम्प बांधला जाई. पुढे 1982 साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. (आमच्या लोकांना ते वर्ष निराळ्या कारणाने आठवते, त्याच जानेवारीच्या 18 तारखेला मुंबईतला गिरण्यांचा संप सुरू झाला.) डिस्कच्या यंत्रांनी पूर्ण आवाजाला दोन व्होल्ट देण्याचा प्रघात पाडला. व्हॉल्व्हचे डॅक त्याच्याही पुढे जातात. तीन, चार व्होल्ट देणारे काही कमी नाहीत. एका बाजूला पाव, दुसऱ्या बाजूला चार. सोळा पटींचा फरक झाला.

आमचे टर्नर सभासद जुन्या नाट्यसंगीताचे वेडे. त्यांचा व्हॉल्व्हचा प्रीॲम्प ओळखीच्या कारागिराने फार वर्षांपूर्वी बांधून दिलेला, आणि आजही ठणठणीत. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने व्हॉल्व्हचा डॅक घेतला. घरी आणून जोडला तर तीन तक्रारी. आवाजाची कळ जराशी हलवली की घर दणाणे; पुढचा सगळा फेरा फुकट. इतक्या खाली कळ ठेवली की गायिका डावीकडे सरके. आणि तार सप्तकात सूर गेला की तो चिरे, कळ कितीही उतरवली तरी चिरे. दुकानदाराने निदान केले की प्रीॲम्प म्हातारा झाला, आमच्याकडचा नवा घ्या. किंमत ऐकून टर्नर युनियनच्या कचेरीत आले. ते आमच्याकडे का आले हे विचाराल, तर कचेरीतला लाउडस्पीकर आम्ही स्वतः दुरुस्त करतो हे त्यांना ठाऊक होते. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपुरते. विजेचे गणित रात्री पुस्तके वाचून आणि गाळ्यांतल्या कारागिरांच्या शेजारी बसून जमेल तेवढे शिकलो.

या तीन तक्रारींतच रोगाचे नाव लिहिलेले आहे. कळ लगेच दणाणते, कारण सोळा पट माल आत येतो. आवाज एका बाजूला सरकतो, कारण एकाच दांड्यावरच्या डाव्या-उजव्या दोन पट्ट्या अगदी तळाशी सहसा सारख्या उतरत नाहीत. मध्यावर त्या बऱ्यापैकी जुळतात. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. कळ उतरवूनही चिरणे जात नाही, याचा अर्थ आवाज कळीच्या आधीच चिरला आहे. टर्नरांच्या प्रीॲम्पात पहिला व्हॉल्व्ह कळीच्या अलीकडे होता, ईसीसी 83 जातीचा. त्याच्या ग्रिडवर सुमारे दीड व्होल्टाचा ऋण दाब असतो आणि लाटेने त्या मर्यादेच्या आत डोलावे अशी योजना असते. मीटरवरचे चार व्होल्ट म्हणजे लाटेच्या माथ्याला साडेपाच व्होल्टांहून जास्त. माथा कापला जातो. एकदा कापलेला माथा पुढची कोणतीही कळ शिवून देत नाही.

म्हणजे प्रीॲम्प म्हातारा नव्हता, डॅकही वाईट नव्हता. दोघांची भाषा जुळत नव्हती, इतकेच.

दुकानात मग हे कसे कळले नाही? तिथे उलट हाच डॅक इतरांपेक्षा सरस वाटला होता. याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. जो आवाज किंचित मोठा तो आपल्या कानाला अधिक भरीव आणि अधिक स्पष्ट वाटतो. 1933 साली फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी मोजून दाखवले की आवाज लहान होतो तसा आपला कान खर्जाला विशेष बहिरा होत जातो. तेव्हा दोन व्होल्टांच्या डॅकशेजारी चार व्होल्टांचा डॅक ठेवला आणि कळ तशीच राहू दिली, तर दुसऱ्यात खर्ज जास्त, जीव जास्त, असे गिऱ्हाईक शपथेवर सांगेल. हे तराजूला पासंग लावून माल विकण्यासारखे झाले. मुद्दाम कोणी करतो असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ विक्रेत्यांना स्वतःलाच हे माहीत नसते. परंतु तुलना करावयाची तर आधी दोन्ही यंत्रांची पातळी मीटरने सारखी करून घ्या आणि मग डोळे मिटून ऐका. तेवढे केल्यावर किती पुष्कळ ‘जमीन-अस्मानाचा फरक’ विरघळून जातो, ते पाहण्याजोगे असते.

उपायाकडे वळू. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर मेट्रोच्या खांबांखालून आत वळले की साकीनाक्याचे गाळे लागतात. लेथ, प्रेस, छपाई, शिवणकाम, आणि मधूनच एखादा टेबलभर दुकानाचा दुरुस्तीवाला. तशाच एका मुलाकडे आम्ही दोन्ही पेट्या घेऊन गेलो. त्याने पेटी उघडली नाही. पहिल्याने मोजमाप घेतले, हे आम्हांला आवडले. 100 हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर वाजवून डॅकच्या तोंडाशी मीटर धरला. 100 हर्ट्झच का, तर साधे मीटर घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेसाठी केलेले असतात. वरच्या सुरांवर ते खोटे बोलू लागतात. चार व्होल्ट भरले. ते अर्ध्या व्होल्टावर आणावयाचे ठरले. अगदी पाव का नाही, तर गाण्याचा पुष्कळसा भाग पूर्ण पातळीच्या बराच खाली असतो. थोडी शिल्लक हाताशी असावी.

चारचे अर्धे करावयाचे म्हणजे आठवा हिस्सा, डेसिबेलच्या भाषेत 18. त्यासाठी दर बाजूला दोन रेझिस्टन्स लागतात. एक 68 हजार ओहमचा, तारेच्या मार्गात उभा. त्याच्या पुढे 10 हजारांचा, तारेपासून जमिनीकडे आडवा. एकूण 78 हजारांपैकी दहा हजारांवर जेवढा दाब पडतो तेवढाच प्रीॲम्पला मिळतो, म्हणजे जवळजवळ आठवा भाग. शिडीच्या आठ पायऱ्यांपैकी खालच्या पायरीवर पाय ठेवण्यासारखेच आहे.

येथे कोणी म्हणेल, प्रमाणच हवे ना, मग 6,800 आणि 1,000 का नको? प्रमाण तेच राहील, पण व्हॉल्व्हवर बोजा पडेल. त्या डॅकच्या व्हॉल्व्हचा स्वतःचा अंतर्गत रोध पाच-सहा हजार ओहमचा होता. त्याच्यापुढे जेमतेम आठ हजारांचा भार ठेवला तर दाब तिथेच घसरतो, आणि बाहेर पडण्याच्या वाटेवरचा 0.22 मायक्रोफॅरडचा कन्डेन्सर 50-55 हर्ट्झपासून खालचा आवाज अडवू लागतो. डग्ग्याची घुमारी गेली. 78 हजारांच्या भाराला तीच मर्यादा नऊ हर्ट्झच्या आसपास जाते. ती कोणाला ऐकू येणार? उलट 6 लाख 80 हजार आणि एक लाख घेतले तर व्हॉल्व्ह सुखी, पण तारेचा आणि पुढच्या व्हॉल्व्हचा मिळून अडीचशे पिकोफॅरडचा आडोसा वरचे सूर खाऊ लागतो. सात हजार हर्ट्झच्या वर उतार लागला की झांजांची चकाकी जाते. भार अंतर्गत रोधाच्या दहापट असावा हा कारागिरांचा जुना नियम, आणि आमच्या जोडीने तो पाळला होता. हे रेझिस्टन्स प्रीॲम्पच्या बाजूच्या टोकाला, पत्र्याच्या लहान डबीत बसवावे, म्हणजे त्यांच्या पुढची तार आखूड राहते.

टर्नरांच्या नातवाने विचारले होते, की संगणकावरच आवाज उतरवला तर काय बिघडते? शंका रास्त आहे. दर वेळी आवाज निम्मा केला की सोळा बिटांतला एक बिट खर्ची पडतो. आठव्या हिश्शाला तीन बिट गेले. चोवीस बिटांच्या डॅकला ते फारसे जाणवायचे नाही. परंतु व्हॉल्व्हची सूं आणि हीटरची गुणगुण डॅकच्या पोटात, आकड्यांच्या नंतर जन्मते. आकडे कमी केल्याने ती कमी होत नाही. गाणे तेवढे खाली येऊन तिच्या शेजारी बसते. डबीतले रेझिस्टन्स गाणे आणि गुणगुण दोन्ही एकाच मापाने उतरवतात. आमच्या मते डबीच्या बाजूने याहून मोठा मुद्दा नाही.

एक ताकीद मात्र दिलीच पाहिजे. या कामासाठी व्हॉल्व्हची पेटी कोणी घरी उघडू नये. आत दोनशे व्होल्टांहून अधिक दाब असू शकतो, आणि बटण बंद केल्यावरही कन्डेन्सर तो काही वेळ धरून ठेवतात. डबी बाहेर बसते. आत हात घालण्याचे कारण नाही.

डबी लावल्यावर कळ मध्यावर आली, गायिका मध्यभागी उभी राहिली आणि तार सप्तक चिरेना. नव्या प्रीॲम्पचे पैसे बँकेत राहिले. मग त्या मुलाने मजुरी सांगितली आणि आमचे टर्नर उसळले. “अरे, चार रेझिस्टन्सचे इतके?” मुलगा नम्रपणे म्हणाला, “काका, रेझिस्टन्सचे पैसे मी धरलेच नाहीत.” आम्ही टर्नरांना विचारले की लेथवर जॉब बांधून सेंटर जुळवण्यात जो वेळ जाई त्याचे पैसे मालकाने कापले, तेव्हा दारावर कोण बसले होते? ते काही बोलले नाहीत. पाकीट काढून सांगितलेली रक्कम मोजली, आणि शेजाऱ्याच्या प्रीॲम्पसाठी आणखी एक डबी करावयास सांगितली. त्यावर मुलगा म्हणाला, “आधी त्यांची पेटी आणा, मोजून पाहतो.”